पहिलं पाणी सोडून द्यायचं

या, असे पुढे सरका. मृदंगाला कणीक लागतेय, टाळ अजून पिशवीत आहेत, बुवांना यायला अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. पुराणातली नाही. ही अजून घडायची आहे, उद्या-परवाच्या काळात; पण घडून गेल्यासारखी सांगते, म्हणजे मन लागेल. ज्याने जीव दिला त्यानेच पाणी दिलं, तेव्हा पाण्याची गोष्टही त्याच्या दारातच सांगितलेली बरी.

बालाघाटाच्या डोंगराखाली एक तालुक्याचं गाव. त्यात नगारखाना गल्ली. या गल्लीला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि ते कधी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसायचं. म्हणून गल्लीतल्या बायकांनी एक युक्ती धरली होती. नळ उघडाच ठेवायचा आणि खाली जर्मनचं भगुनं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, पालथं घालायचं. पाणी यायच्या आधी नळातली हवा निघते, नळ खाकरतो, मग भगुन्यावर पहिली धार ताडताड वाजते. ते ऐकून उठायचं. पहिलं पाणी गढूळ, ते सोडून द्यायचं. निवळ आलं की भरायला घ्यायचं.

सगळ्यांत तिखट कान सुगलाबाई बिराजदारांचा. त्यांचं भगुनं वाजलं की त्या पदर खोचून बाहेर यायच्या आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक जायची, "उठा गं बायांनो, पाणी आलंय." कितीतरी वर्षं गल्ली त्या हाकेवर उठली. सुगलाबाई एकदा लेकीकडे गेल्या असताना अर्धी गल्ली कोरडी राहिली होती, ही आठवण त्या स्वतःच आनंदाने सांगायच्या.

मग कानोसा आला.

कानोसा म्हणजे लिंबाएवढं यंत्र, नळाला चिमटा लावून बसवायचं. त्यामागचं शास्त्र अवघड नाही. नळातून सरळ वाहणारं पाणी फारसं बोलत नाही. पण दाबाखालचं पाणी एखाद्या फटीतून बाहेर पडायला लागलं, की ते फुसफुसतं. आपल्या कानाला ते ऐकू येत नाही, पण त्याची थरथर नळाच्या अंगावरून आणि आतल्या पाण्यातून दूर जाते. लोखंडी नळात लांब जाते, प्लास्टिकच्या नळात लवकर विरते, म्हणून घरटी एकेक यंत्र. आता फट कुठे आहे हे कसं कळायचं? मंडपात मृदंगावर थाप पडली की पुढे बसलेल्याला ती आधी ऐकू येते आणि पार मागे खांबाला टेकलेल्याला किंचित उशिरा. तसंच दोन घरांच्या कानोशांना एकच फुसफुस किती आगेमागे ऐकू आली, यावरून जमिनीखालची जागा सापडते. तिथेच खणायचं. अख्खा रस्ता उकरायला नको.

यंत्रांबरोबर नियमही आला. ज्या गल्लीची गळती ठरलेल्या मर्यादेच्या खाली, तिला चोवीस तास पाणी. आधी चाचणी, मग कायमचं. गळती जास्त निघाली, तर पुन्हा आठवड्याची पाळी.

गल्लीत यंत्रांवर लक्ष ठेवायला एक पाणीताई नेमायची होती. ते काम सुगलाबाईंच्या सुनेकडे आलं. शिवकांता तिचं नाव. शिलाईचं काम करायची, बोलायला ठाम, आणि पाना हातात धरायला न लाजणारी. आता पाण्याची काही अडचण आली की बायका सुगलाबाईंच्या ओसरीवरूनच पुढे जायच्या आणि म्हणायच्या, "शिवकांता हाय का घरी?"

शिवकांता घरोघर फिरली. कुठे संडासाच्या टाकीतला फ्लोट अडकलेला, कुठे तोटीतलं वायसर झिजलेलं. टाकीत चिमूटभर हळद टाकायची आणि कुणी पाणी ओढलं नसताना भांड्यात पिवळं उतरतंय का बघायचं, ही युक्ती तिने सगळ्यांना शिकवली. चाचणी लागली की रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघायचा आणि सकाळी पुन्हा बघायचा, हेही.

महादेवाच्या देवळात मात्र तिची पंचाईत झाली. पिंडीवरच्या अभिषेकपात्रात नळाची बारीक धार सोडलेली होती आणि कानोसा तिला गळती म्हणत होता.

देवळाचे पुजारी मठपती स्वामी म्हणाले, "महादेवाच्या डोक्यावरचं पाणी वाया गेलं म्हणतंय व्हय तुझं यंत्र? अन् तुमच्या फिल्टरमधून बादलीभर बाहेर पडतंय त्याला काय म्हणतंय?"

"त्याला बी गळतीच म्हणतंय, स्वामी," शिवकांता हसत म्हणाली. "तुमच्यासाठी सोय हाय." पाणीताईच्या फोनवर एक बटण होतं, धर्मकार्य म्हणून. ते दाबलं की कानोसा त्या नळाकडे कान देत नाही आणि त्याची धार गळतीत धरत नाही. तिने ते दाबलं, आणि पिंडीवरून उतरणारं पाणी बेलाच्या झाडाकडे जाईल अशी पन्हळ स्वामींकडून करून घेतली.

छाया ढोबळेंच्या घरी हसण्यावारी गेलं नाही. छायाबाई नवं पाणी आलं की आधीचं साठवलेलं शिळं म्हणून मोरीत ओतून द्यायच्या. त्यांच्या आईनेही तेच केलं होतं. शिवकांताने चार बायकांसमोर विचारलं, "भाकरी शिळी होते वैनी, पाणी कसं काय शिळं होतंय?"

छायाबाईंचं तोंड उतरलं. "होय माय, तू शिकलेली. आम्ही काय, अडाणी." त्या दिवसापासून पाणी ओतणं थांबलं, आणि शिवकांताशी बोलणंही.

चाचणी सुरू झाली. नळाला रात्रंदिवस पाणी. पहिल्या दिवशी बायका नुसत्याच तोट्या उघडून बघत होत्या. हळूहळू गल्लीची गळती उतरत गेली, आणि मर्यादेच्या किंचित वर येऊन अडकली. शिवकांताने फोनवर घरं एकेक करून पाहिली. सगळी हिरवी. एक लाल. बिराजदारांचं.

तिने अंगणातल्या नळाचं वायसर बदललं. लाल. तोटीच नवी बसवली. तरी लाल.

मग एका सकाळी ती दळण घेऊन परत आली, तर अंगणातला नळ धो धो चालू, पाणी मोरीतून थेट गटारात, आणि सुगलाबाई पायरीवर शांत बसलेल्या.

"आत्याबाई, हे काय करलालाव?"

"काय केलं मी?"

"नळ कुणी उघडा सोडलाय?"

"राहू दे की. तुला काय करायचंय?"

शिवकांताचा पारा चढला. तिला वाटलं, हा रुसवा आहे. हाक गेली, मान गेला, सगळ्या बायका सुनेला विचारतात, त्याचा राग नळावर निघतोय. ती म्हणाली, "माझं नाव खराब करायचंय का तुमाला गल्लीत? मी लोकांच्या घरात जाऊन शानपणा शिकवते, अन् माझ्याच घरात ही गंगा."

सुगलाबाई उठल्या, आत गेल्या, आणि दिवसभर सुनेच्या हातचा चहा घेतला नाही.

कानोशाचं दुसरं अंग आता सांगायला हवं. तो फक्त फट ऐकत नाही, हातही ऐकतो. कुणी तोटी एका हिसक्यात उघडतं, कुणी बिचकत. पाणी वापरणारा हात तोटीशी खेळत राहतो. कमी करतो, वाढवतो, मध्येच बंद करतो. बरेच महिने ऐकलं की यंत्राला घरातले हात वेगवेगळे कळायला लागतात. आणि एखादा हात बदलला, तर तेही कळतं. संध्याकाळी शिवकांताच्या फोनवर मजकूर आला. नळात दोष नाही. घरातल्या एका व्यक्तीचा हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. नळ उघडला जातो आणि नंतर बराच वेळ तोटीला कुणाचा स्पर्श होत नाही. असं वरचेवर होत आहे. ज्येष्ठ व्यक्ती असल्यास डॉक्टरांना दाखवा.

तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. सकाळी आपण काय बोललो ते आठवून ती स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती भांडायला नाही, बघायला म्हणून सासूजवळ पायरीवर बसली. सुगलाबाईंनी नळ उघडला. धार लागली. त्या धारेकडे बघत, कान देऊन बसल्या.

"आत्याबाई, कशाची वाट बघलालाव?"

"पाण्याची."

"हे काय मग?"

"हे नळात राहिलेलं हाय गं. जाऊ दे ते. अजून खाकरला कुठं नळ?" मग सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू जा, काम कर. आलं की मी सांगते."

शिवकांताला आता कळलं. आयुष्यभर जे शिकल्या, तेवढंच मागे उरलं होतं, आणि ते अगदी नीट होतं. आधी नळ खाकरणार, मग गढूळ, मग निवळ. चोवीस तासांचं पाणी खाकरत नाही. डोळ्यांसमोर पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्याची वाट बघत बसल्या होत्या.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विस्मरणाचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या, आजार वाढायला थोडा उशीर लागेल म्हणाले. शिवकांताचा नवरा बसवराज शेतकी शाळेत मास्तर. आईवर जीव टाकणारा. त्याने घरी येऊन तोटीचा दांडाच काढून खिशात टाकला. दुपारी सुगलाबाईंनी तोटीला दांडा नाही असं पाहिलं, घागर उचलली आणि तडक बसस्टँडमागच्या जुन्या हापशाकडे निघाल्या. हापसा कधीच बुजवला होता. उन्हात त्या मातीच्या ढिगाभोवती फिरत होत्या. ओळखीच्या एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. बसवराजने दांडा गुपचूप परत बसवला.

चाचणीचा निकाल दोन दिवसांवर आला होता.

"तुझ्याकडे ते देवळाचं बटण हाय ना," बसवराज म्हणाला. "आपल्या नळाला लाव."

"धर्मकार्य म्हणून?"

"आईसाठीच हाय की. आईची सेवा धर्मकार्य नाही का? गल्ली पास होईल. कुणाला काय कळणार नाही. तिला कुणी येडी म्हणलेलं मला चालायचं नाही, शिवा."

शिवकांताने फोन हातात घेतला. बटण दाबणं सोपं होतं. पण दाबलं की कानोसा त्या नळाकडे पाठ फिरवणार. सासूचा हात आज कसा आहे, उद्या कसा आहे, हे सांगणारं दुसरं काही घरात नव्हतं. आणि आणखी एक. देवाच्या नावाने आपण एक खोटं लिहून ठेवणार, आणि उद्या छायाबाईंना कुठल्या तोंडाने सांगणार की पाणी ओतू नका?

"नाही लावत," ती म्हणाली.

"मग सांग सगळ्यांना. आईची इज्जत वाट." तो जेवणावरून उठला.

बैठक सप्ताहाच्या मंडपात ठेवली होती, कीर्तनाच्या आधी. पाणीखात्याच्या शेख मॅडम आल्या होत्या. सुगलाबाई कीर्तनासाठी लवकर येऊन पुढे बसलेल्या, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, चेहरा प्रसन्न. मॅडमनी विचारलं, गळती अजून मर्यादेच्या वर आहे, कुणाला काही सांगायचंय का?

शिवकांता उभी राहिली. "आमच्या घरातली गळती हाय. नळाची नाही. घरात एक म्हातारं माणूस हाय, त्याला नळाला आलेलं पाणी आता पाणी म्हणून कळत नाही. ते वाट बघत बसतंय, पाणी वाहून जातंय. बंद केलं तर उन्हात निघतंय. माझ्याकडं लपवायची सोय होती. मी लपवलं नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मंडपात सगळ्यांना कळलं होतं. फक्त एकीला नाही. सुगलाबाई मागे वळल्या आणि बायकांना म्हणाल्या, "रागं भरू नका गं तिला. म्हातारपण हाय. तिला म्हणावं, तू निवांत झोप. पाणी आलं की मी हाक मारीन."

बसवराज खांबाकडे तोंड करून उभा राहिला.

शेख मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "नियम मी बदलू शकत नाही. एक महिना पुन्हा पाळीने पाणी येईल. मग परत चाचणी घेऊ."

मागून छायाबाई बोलल्या. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "माझी प्राची बाळंतपणाला आलीय. नववा लागलाय. बाळंतिणीचं घर, अन् पुन्हा आठवड्याचं पाणी भरायचं. मी पाणी ओतलं तर मी अडाणी. बरं हाय." आणि त्या कीर्तनाला न थांबता निघून गेल्या. त्या रात्री बुवांनी काय निरूपण केलं, शिवकांताला आठवत नाही.

पाळी सुरू झाली. नळ कोरडे पडले. बायकांनी पुन्हा पिंपं धुतली, आणि बिराजदारांच्या पायरीकडे न बघता ये-जा करू लागल्या. बसवराज घरात कामापुरतं बोलायचा.

आणि पहिल्याच पाळीला एक झालं. पहाट फुटत होती. नळ खाकरला. भगुनं वाजलं. सुगलाबाई उठल्या, पहिलं पाणी सोडून दिलं, ओंजळीत घेऊन निवळ आलं का पाहिलं, घागर लावली आणि पदर खोचून बाहेर गेल्या. हाक पूर्वीसारखीच खणखणीत गेली, एकही दार न चुकता. परत येऊन त्यांनी भांडी भरली, आणि शेवटचं भरल्यावर नळ स्वतःच्या हाताने बंद केला. शिवकांताने फोन पाहिला. बिराजदारांचं घर हिरवं.

ती बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. पाळीच्या पाण्यात सासूला काहीच झालेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातलं पाणी अजून पाळीनेच येत होतं, फक्त बाहेरचं पाणी खाकरत यायचं थांबलं, की त्या हरवत होत्या.

दुसरी चाचणी लागली तेव्हा तिने कुणाला न सांगता एक केलं. अंगणाच्या नळाला जाणाऱ्या पाइपावर भिंतीपलीकडे एक कॉक बसवला. रात्री तो बंद करायचा. सुगलाबाई सवयीने तोटी उघडून ठेवणार, नळ रिकामा होणार, आत हवा भरणार. पहाटे कॉक उघडला की हवा आधी निघणार आणि नळ खाकरणार, मग त्या भरून घेणार आणि नळ आपल्या हाताने बंद करणार. शास्त्र तेच.

पहिल्या पहाटे ती भिंतीआड कॉकवर हात ठेवून उभी होती. बसवराजही येऊन शेजारी उभा राहिला. तो कंदिलासारखा फोनचा उजेड धरून राहिला. तिने कॉक फिरवला. खर्रर्र झालं, भगुनं ताडताड वाजलं, आणि सुगलाबाई पदर खोचत बाहेर पडल्या.

"उठा गं बायांनो, पाणी आलंय."

तेव्हा कुठे शिवकांताच्या लक्षात आलं की हे आपण धरलंच नव्हतं. गल्लीत प्रत्येकीच्या नळाला पाणी होतंच. कुणी कशाला उठेल? सुगलाबाईंनी दुसरं दार वाजवलं, तिसरं वाजवलं. दारं बंद. त्या थांबल्या. पुन्हा हाक मारली, या वेळी आवाज थोडा बारीक झाला होता.

"जाऊन आणू का तिला आत?" बसवराज कुजबुजला.

कडी वाजली. छायाबाईंचं दार. छायाबाई बाहेर आल्या, केस विस्कटलेले, काखेत रिकामी घागर. घरात बाळंतीण, रात्रभर तान्हं रडलेलं सगळ्या गल्लीने ऐकलं होतं.

"आलाव की ओ सुगलामावशी, किती हाका मारलालाव?" त्या म्हणाल्या. "पहिलं सोडून दिलं का?"

"दिलं, दिलं. आता निवळ येलालंय. भर लवकर."

"भरते. तुम्ही पुढं जावा, ती वरच्या अंगाची अजून झोपलीय बघा."

सुगलाबाई पुढे गेल्या. छायाबाईंनी भिंतीआडून बघणाऱ्या शिवकांताकडे एकदा पाहिलं. हसल्या मात्र नाहीत. घागर आपल्या नळाखाली लावली. मग शेजारचं दार उघडलं, मग त्याच्या पलीकडचं.

गल्ली पास झाली. काही दिवसांनी शेख मॅडमचा फोन आला. "शिवकांताताई, तुमच्या गल्लीत रोज पहाटे सगळे नळ एकदमच उघडतात. दाब एकदम उतरतो. यंत्राला कळत नाहीये. काही बिघाड आहे का?"

"बिघाड नाही मॅडम," शिवकांता म्हणाली. "हाक आलेली असते."

मॅडम मग म्हणाल्या, "किती दिवस चालेल हे?"

"ते तुमच्या यंत्राला आधी कळेल, मॅडम."

मृदंग लागला बघा, बुवाही आले. माझं एवढंच मागणं आहे. सुगलाबाईंची आठवण देव ठेवील, शिवकांताची तिची गल्ली. तुम्ही छाया ढोबळेंना आठवा. त्या पहाटे त्यांना झोप हवी होती, राग होता, आणि पाणी घरातच होतं. तरी त्या रिकामी घागर घेऊन दारात आल्या. आता टाळ घ्या हातात, आणि एक गजर त्यांच्यासाठी होऊ द्या.